कबड्डीतली पोरं : घडवतं कोण, राखतं कोण

(मुलुंड इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न शेवटी घेतला आहे.)

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्यानं कबड्डीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. वाटू द्या. मागच्या व्याख्यानानंतर टोरांटोला मुलाकडे राहणाऱ्या एका श्रोत्यांनी आम्हांला सविस्तर लिहिलं. त्यांचा नातू आइस हॉकीपायी वेडा झालाय. तिथले व्यावसायिक संघ अठरा वर्षांची मुलं निवडतात, वर्षानुवर्षं सांभाळतात, आणि 'हा आमचा' म्हणून हक्कही सांगतात. गृहस्थांचे प्रश्न दोन. एक, माणसावर असा हक्क सांगता येतो का? दोन, आपल्याकडे हे कसं चालतं? पहिला प्रश्न आमच्या विषयातला. दुसऱ्याच्या उत्तरासाठी आम्हांला घाटकोपरच्या घरातून खाली उतरून मैदानापर्यंत चालत जावं लागलं, एवढंच.

आधी तिकडचं थोडक्यात सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी तरुणांची निवड होते, सात फेऱ्यांमध्ये. ज्या संघानं मुलाला निवडलं त्याच्याशीच त्याला करार करावा लागतो. पहिला करार अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलांसाठी तीन वर्षांचा, आणि पगाराला वरची मर्यादा. पण निवडलं म्हणून लगेच बर्फावर उतरवत नाहीत. बहुतेक मुलं आणखी एक-दोन वर्षं कुमार लीगमध्ये खेळतात, मग मुख्य संघाला जोडलेल्या दुय्यम संघात. करार संपला तरी मुलगा पूर्ण मोकळा होत नाही. दुसऱ्या संघानं देऊ केलेला पैसा जुना संघ स्वतः देऊन त्याला ठेवू शकतो, आणि सोडलाच तर मोठ्या रकमेच्या बदल्यात त्याला पुढच्या निवडीतले क्रमांक भरपाई म्हणून मिळतात. पूर्ण मोकळीक साधारण सत्ताविसाव्या वर्षी, किंवा सात मोसम खेळल्यावर. म्हणजे संघाला पोरगा घडवण्याची किंमत वसूल करायला वेळ मिळतो. मुलाला काय मिळतं, ते नंतर पाहू.

आता आपलं मैदान. उपनगरात अंधेरी, जोगेश्वरी, कांदिवली, भांडुप, घाटकोपर, कुठेही जा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी फक्कीनं आखलेलं मैदान दिसेल, चार खांबांवर दिवे आणि बाजूला लाकडी बाकांची गॅलरी. प्रकाशझोतातले सामने. कबड्डीच्या नकाशावर मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा आहे. त्याची स्वतःची संघटना आहे, राज्य अजिंक्यपदाला स्वतःचे संघ उतरतात; मुंबई शहराचे निराळे. या सगळ्याच्या मुळाशी असतं ते गल्लीतलं क्रीडा मंडळ. दिवसा कुठेतरी कारकुनी करणारा, संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहणारा एक माणूस, आणि त्याच्यासमोर दहा-बारा वर्षांची वीसेक पोरं. फी नाही. असलीच तर कुणी मागत नाही.

इथे आम्ही ॲरिस्टॉटलला बोलावणार आहोत. घाबरू नका, लगेच परत पाठवू. (हशा) आपण म्हणतो, 'पोरात क्षमता आहे.' ॲरिस्टॉटल विचारेल, कुठली क्षमता? कारण त्याच्या मते ती दोन प्रकारची असते. एक माणूस अक्षरशत्रू आहे, पण माणूस असल्यामुळे तो व्याकरण शिकू शकतो. दुसरा व्याकरण शिकलेला आहे, फक्त या क्षणी झोपलाय. 'जाणता होऊ शकतो' हे वाक्य दोघांनाही लागू पडतं, पण दोन वेगळ्या अर्थांनी. पहिल्याला बदलावं लागेल, घासावं लागेल, चुकावं लागेल. दुसऱ्याला नुसतं जागं करायचं.

कबड्डीत बघा. दहा वर्षांचा चपळ पोरगा ही पहिली क्षमता. निदानरेषा ओलांडताना मागचा पाय कुठे हवा, घोट्याला हात पडला की शरीर कुठल्या दिशेनं टाकायचं, साखळीत शेजाऱ्याचं मनगट किती घट्ट धरायचं, हे ज्याच्या अंगात मुरलंय असा एकोणीस वर्षांचा खेळाडू ही दुसरी क्षमता. मधली नऊ वर्षं कुणाची? गल्लीतल्या मंडळाची. किशोर गट, कुमार गट, ढोपरं फुटणं, परीक्षेच्या वेळी आईनं मैदान बंद करणं, सरांनी घरी जाऊन आईची समजूत काढणं. व्यावसायिक संघ येतो तो दुसऱ्या क्षमतेच्या दारात. त्याचं काम मोठं नाही असं आम्ही म्हणत नाही. आहार, ताकदीचे व्यायाम, फिजिओ, प्रतिस्पर्ध्याच्या चढायांचं चित्रीकरण दाखवून केलेला अभ्यास, मातीवरून मॅटवर आल्यावर बदलणारी पायांची पकड, हे सगळं गल्लीतल्या सरांना परवडणारं नाही. पण तो शिकलेल्याला जागं करतो. शिकवलेलं दुसऱ्यानं असतं.

प्रो कबड्डीच्या आधी या दुसऱ्या टप्प्यावर कोण उभं असायचं? नोकरी. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, पोलीस, बँका. पोरगा कुमार गटात चमकला की एखादी कंपनी आधी शिष्यवृत्ती द्यायची, मग कायम करायची. हे हॉकीतही तसंच. धनराज पिल्लै खडकीचा. त्याचा थोरला भाऊ रमेश चेंबूरच्या आरसीएफकडून खेळायचा, त्याच्यामागोमाग धनराज मुंबईत आला, महिंद्राच्या संघात तयार झाला, आणि पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये गेला. खेळाडू राखण्याची ही आपली मुंबईची रीत होती, आणि आमच्या मते फार शहाणी रीत होती. कारण तिथे संघ फक्त खेळ विकत घेत नव्हता. खेळ संपल्यानंतरच्या तीस वर्षांची हमी देत होता. पस्तिसाव्या वर्षी गुडघे गेले तरी टेबल-खुर्ची शाबूत. तिच्या बदल्यात पोरगा त्या कंपनीला सोडून जायचा नाही. पैसा थोडा, पण बांधणारा.

ती रीत आता विरत चाललीय. इंडियन एअरलाइन्स २००७ साली एअर इंडियात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात मिसळली. रिशांक देवाडिगाचं नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मुंबईचा पोरगा, घरची परिस्थिती बेताची, हॉटेलात काम केलेलं. त्याला देना बँकेनं हात दिला, पुढे तो भारत पेट्रोलियमकडून खेळला. आज तसाच दुसरा रिशांक आला तर देना बँकेचं दार ठोठावायला देना बँकच नाही.

आणि मग २६ जुलै २०१४. वरळीच्या एनएससीआयमध्ये यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स, प्रो कबड्डीचा पहिला सामना. पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटण्यानं घेतलेला, १२ लाख ८० हजारांना. त्या आकड्याचं तेव्हा किती कौतुक झालं होतं! चार वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, सहा खेळाडू कोटीच्या घरात गेले. त्यांत आपला रिशांकही होता, १ कोटी ११ लाख, यूपी योद्धा. त्या वर्षी नियम आला होता 'फायनल बिड मॅच'चा : दुसऱ्या संघानं शेवटची बोली लावली की जुना संघ कार्ड उचलून तेवढीच रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेऊ शकतो. रिशांकला योद्ध्यानं तसाच राखला. टोरांटोच्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एकच, पण मोठा : आपल्याकडे कार्ड उचललं नाही तर जुन्या संघाला काहीही मिळत नाही. ना पैसा, ना पुढच्या निवडीतला क्रमांक.

याचा परिणाम यू मुंबाच्याच गोष्टीत दिसतो. २०१८ मध्ये त्यांनी सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा पोरगा, प्रो कबड्डीतला पहिलाच मोसम, आणि त्यानं दोनशेच्या वर गुण मिळवले. पुढच्या वर्षी लिलाव झाला आणि तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. एका मोसमात चौपट. दुसरा अर्जुन देशवाल. यू मुंबात पोरसवदा चढाईपटू म्हणून वावरला. २०२१ मध्ये जयपूरनं ९६ लाखांना नेला. डिसेंबर २०२२ चा अंतिम सामना पुन्हा वरळीत झाला, जयपूरनं करंडक उचलला, आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडू होता अर्जुन देशवाल. ज्या शहरात तो वाढीला लागला त्याच शहरात, दुसऱ्याच्या अंगरख्यात.

यू मुंबाला दोष द्यायचा का? घाई करू नका. संघाला लिलावासाठी ठरावीक थैली असते. २०१९ मध्ये ती ४ कोटी ४० लाखांची होती, २०२३ पासून ५ कोटींची. त्यातून अठरा ते पंचवीस खेळाडू उभे करायचे. एकावर दीड कोटी घातले तर तिसरा हिस्सा गेला, आणि मॅटवर एका वेळी सात जण लागतात. तेलुगू टायटन्सनं २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त देऊन घेतलं, म्हणजे निम्मी थैली. पवन उत्तम खेळाडूच आहे. पण त्या मोसमात संघाला बावीस सामन्यांत फक्त दोन विजय मिळाले. चढाईपटू एकटा गुण आणतो, एकटा बचाव करू शकत नाही.

मग राखायचं कसं? इथे लीगनं एक वाट ठेवली आहे : 'नवे तरुण खेळाडू' हा गट. अशा मुलाला संघ लिलावाबाहेर, ठरलेल्या मानधनावर करारबद्ध करू शकतो आणि पुढचे काही मोसम लिलावात न पाठवता कायम राखू शकतो, 'रिटेन' करू शकतो. कोटीच्या बोलीपासून तो तेवढा काळ दूर राहतो. ही वाट सगळ्यांत नीट कुणी चोखाळली असेल तर शेजारच्या पुण्यानं. मुंबईकर म्हणून हे सांगताना थोडं जड जातं. (हशा) पुणेरी पलटणनं अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी पोरं विशीच्या आसपास धरली आणि एकत्र ठेवली. अस्लम अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. २०२२ च्या त्या वरळीच्या सामन्यात हरलेला संघ हाच. त्यांनी मोडतोड केली नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असं हरवून ते विजेते झाले. कर्णधार अस्लम, सर्वोत्तम खेळाडूही अस्लम.

यातलं गणित मात्र समजून घ्या, नाहीतर ही गोष्ट फार गोड वाटेल. त्याच मोसमात पुण्यानं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. ते परवडले कशामुळे? बाकीची पोरं त्यांच्या बाजारभावापेक्षा स्वस्तात राखलेली होती म्हणून. तरुणाला राखणं म्हणजे एका अर्थी त्याच्या पदरात पडू शकले असते ते पैसे संघाकडे राहणं. अस्लम खुल्या लिलावात गेला असता तर कदाचित कोटीपती झाला असता. हा तोटा त्यानं काय घेऊन पत्करला, हा खरा प्रश्न.

उत्तर २०२४ च्या शेवटी मिळालं. गुडघ्याच्या दुखापतीमुळे अस्लमला मोसम मध्येच सोडावा लागला, आणि पुणे पहिल्या सहांतही आलं नाही. लिलावाच्या हिशेबानं दुखऱ्या गुडघ्याचा चढाईपटू म्हणजे पडेल माल. पुढच्या वर्षी कर्णधार तोच होता, आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात. जिंकले नाहीत, ते सोडा. पोराच्या अंगावर वाईट वर्ष आलं तेव्हा संघ जागेवर होता. आमच्या मते 'राखणं' या शब्दाला तेव्हाच अर्थ येतो. चांगल्या वर्षी तर कुणीही राखेल.

कारण दुसरी बाजूही आम्ही जवळून पाहिली आहे. आमच्या मैदानावरचा एक पोरगा, नाव घेत नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याच्यापुढे दोन कागद होते. एक कंपनीची शिष्यवृत्ती, महिन्याला थोडे हजार, दोन-तीन वर्षांत कायम होण्याची आशा. दुसरा एका संघाचा तरुण खेळाडू म्हणून करार. रात्री आईला घेऊन आमच्याकडे आला, 'सर, काय करू?' आम्ही काय सांगितलं ते शेवटी सांगतो. त्यानं लीग घेतली. दोन मोसमांत मॅटवर मिनिटं किती मिळाली ते बोटांवर मोजता येईल. आणि ती कुठली, तर बहुधा तिसऱ्या चढाईची. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. नावाजलेल्याला वाचवायचं असेल तर प्रशिक्षक अशा वेळी नवख्याला पुढे करतो. त्यातून कुणी चमकतोही. हा चमकला नाही. सरावात गुडघ्याचं लिगामेंट गेलं, करार संपला, पुन्हा बोलावणं आलं नाही. नियमाला धरूनच झालं सगळं. कुणी फसवलं नाही. कंपनीनं तोवर ती जागा दुसऱ्याला दिली होती.

बारा संघ, प्रत्येकी फार तर पंचवीस, म्हणजे देशात तीनशे जागा. त्याखाली आइस हॉकीसारखा दुय्यम संघांचा जिना आपल्याकडे अजून नीट बांधलेला नाही. २०२२ पासून तेवीस वर्षांखालच्यांसाठी युवा कबड्डी मालिका सुरू झाली, काही संघांनी स्वतःचे युवा संघ उभे केले, हे चांगलंच झालं. पण लीगचा मोसम दोन-तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने पोरगा कुठे असतो? पुन्हा गल्लीत, त्याच सरांपुढे. मुलींचं तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, एकच मोसम, मग बंद. उपनगरातल्या मुली राज्य पातळीवर खेळतात, आणि त्यांना राखायला प्रो कबड्डीसारखी लीग नाही. त्यांच्यासाठी आजही रेल्वे आणि पोलीस, एवढंच दार.

आता पहिला प्रश्न, हक्काचा. जॉन लॉक म्हणतो, ज्या वस्तूत आपण आपले श्रम मिसळतो ती आपली होते. मग सरांनी नऊ वर्षं श्रम मिसळले, पोरगा त्यांचा का नाही? कारण त्याच लॉकनं आधी म्हणून ठेवलंय की प्रत्येक माणूस स्वतःचा मालक आहे. शेतात श्रम मिसळता येतात, माणसात मिसळून माणूस आपला होत नाही. म्हणून आमचं उत्तर असं : पोरावर हक्क कुणाचाच नाही, सरांचा नाही आणि संघाचाही नाही. पण हक्क नाही म्हणजे देणंही नाही, असं होत नाही. आपल्या परंपरेत ऋषिऋण नावाची गोष्ट आहे. गुरूचं ऋण पैसे मोजून फिटत नाही. आपण शिकलेलं पुढच्याला शिकवलं की फिटतं. पोरं हे न सांगता करतात. मोठा झालेला खेळाडू रविवारी जुन्या मैदानावर येतो, लहानग्यांच्या चढाया बघतो. ऋण फेडत नाही तो संघ, कारण त्याला कुणी विचारलेलंच नाही.

फुटबॉलनं विचारलं. खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की मोजलेल्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या-ज्या क्लबनी त्याला शिकवलं, त्यांच्यात वाटले जातात. अगदी गल्लीतला क्लब असला तरी. फिफाचा हा नियम २००१ पासून आहे. आपल्याकडे लिलावाची रक्कम खेळाडूचं मानधन असते, एका संघाकडून दुसऱ्याकडे पैसा जात नाही, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा बसणार नाही, हे आम्हांला कळतं. खेळाडूच्या ताटातलं काढून सरांना द्या असंही आमचं म्हणणं नाही. पण थैलीच्या बाहेर, संघमालकांनी वेगळे पाच टक्के ठेवले तर ५ कोटींचे होतात २५ लाख. बारा संघांचे ३ कोटी. प्रत्येक खेळाडूच्या नोंदणीत त्याचं मूळ मंडळ लिहून घेतलं, तर पैसे कुठे पाठवायचे हेही शोधावं लागणार नाही. एका मंडळाला वर्षाला दीड-दोन लाख आले तर सेकंडहँड मॅट येईल, मुलांना केळी आणि अंडी मिळतील, दिव्यांचं बिल भरलं जाईल. पुढचा पोरगा तिथूनच येणार आहे.

प्रश्न (श्रोत्यांतून) : सर, त्या मुलाला तुम्ही काय सांगितलं होतं?

आम्ही सांगितलं, लीग घे. कंपनी पुन्हा विचारेल, लीग विचारणार नाही, असं वाटलं होतं. आमचं चुकलं, आणि हे त्याच्या आईलाही आम्ही सांगितलं. तेव्हा एक गोष्ट विचारायला हवी होती, ती आता आमच्याकडे कुणी आलं की विचारतो : करारात दुखापतीचं काय लिहिलंय? उपचाराचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात मानधन चालू राहणार का? शिष्यवृत्ती देणाऱ्या कंपनीलाही हेच विचारायचं. गेल्या वर्षी भांडुपचा एक पोरगा त्याचा कागद घेऊन आला होता, त्यातलं ते कलम आम्ही दोघांनी चार वेळा वाचलं आणि मग त्याला वकिलाकडे पाठवलं. आमचा तो पोरगा सध्या दिवसा पार्सलं पोहोचवतो आणि संध्याकाळी सहानंतर मैदानावर असतो. पंधरा-सोळा मुलं आहेत त्याच्याकडे.